मायचं 'हाव'

आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सर काकांचा मोठा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्यावर रोज सकाळी काहीतरी ज्ञान पाठवतो. मागच्या आठवड्यात त्याने पाठवलं, की माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो. खाली निळाशार चमकणारा मेंदू आणि त्यातून विजा निघताहेत. सगळ्यांनी धडाधड अंगठे दाखवले, कोणी हात जोडले. मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली, माणसांचे मेंदू हातात धरून पोरांना दाखवले, त्यामुळे मला राहवलं नाही. मी लिहिलं, "याला शास्त्रात काही आधार नाही, पण आपल्या घराण्यापुरतं बरोबर असावं." तेव्हापासून ग्रुपवर माझ्याशी कोणी बोलत नाही. बरं झालं. मिळालेल्या शांततेत हे लिहून घेते, कारण मी गेल्यावर हे लोक मायबद्दल काय सांगतील ते मला ठाऊक आहे. ते आताही तेच सांगतात.

मेंदूची बाहेरची करडी साल असते, तिला पुस्तकात बाह्यक म्हणतात. जाडी म्हणाल तर ज्वारीच्या दाण्याएवढी. मोठी गोधडी लहान पेटीत कोंबली की जशा घड्या पडतात तशा तिला वळ्या पडलेल्या असतात, म्हणून ती एवढ्याशा कवटीत मावते. आणि माणसाला ज्याचा एवढा माज असतो ते सगळं त्या सालीत असतं. प्रत्येक कामाची जागा ठरलेली. हात हलवायची वेगळी, बघायची वेगळी, अगदी पाठीमागे. बहुतेकांची बोलायची जागा डाव्या बाजूला, कानशिलाच्या वर, जरा पुढे. ऐकलेलं समजायची जागा त्याच बाजूला, पण मागे, कानाच्या अंगाने. दोघींत चार बोटांचं अंतर असेल. मी हे पोरांना शिकवायचे तेव्हा पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, कारण मला नेमकं तेव्हाच आमचं कामरगावचं घर आठवायचं.

आमचं घर बस थांब्याकडून आत येणाऱ्या रस्त्यावर होतं, समोर पिठाची चक्की. दिवसभर तिचा फटफट आवाज, आणि त्या आवाजाच्या वरताण मायचा. माय बोलायची म्हणजे काय बोलायची! भाकर थापताना बोलायची, म्हशीचं दूध काढताना म्हशीशी बोलायची, वावरातून येताना वाटेत भेटेल त्याचा हिशोब घ्यायची. चक्कीवाला पीठ जाड काढायचा तर ती पिठाचा डबा तसाच त्याच्यापुढे ठेवून म्हणायची, "हे पीठ हाय का रेती? तुह्या घरी अशी भाकर खाता का रे बाप्पा?" आणि तो मुकाट्याने पुन्हा दळून द्यायचा. तिच्या हातच्या पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शाला चव होती, ठेच्याला तर अशी धार की पाहुण्यांचे कान लाल व्हायचे. गाव तिला तोंडाळ म्हणायचं. गावाला कोणी खरं बोललं की तोंडाळच वाटतं, त्याला इलाज नाही. बाबा तिच्या उलट. त्यांना सोयाबीन, तूर आणि आकाश एवढ्याच गोष्टींवर मत होतं. बाकी सगळं त्यांनी दोघांवर सोपवलेलं, घरातलं मायवर आणि घराबाहेरचं आपल्या धाकट्या भावावर.

तो धाकटा भाऊ म्हणजे सर काका. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून आम्हीही. शाळेत विज्ञान शिकवायचे. खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं, आणि बोलणं असं शुद्ध की जणू रेडिओवरच्या बातम्या. रागावले की मात्र क्षणात वऱ्हाडीवर यायचे. मेंदूचं चित्र ते रंगीत खडूंनी फार सुबक काढायचे, एवढं कबूल करते. प्रमस्तिष्क गुलाबी, अनुमस्तिष्क पिवळं, आणि खाली देठासारखं मस्तिष्कपुच्छ. मग लिहून द्यायचे: मेंदू अक्रोडासारखा दिसतो. वर्गात एकाही पोराने अक्रोड पाहिलेला नव्हता, सरांनीही पाहिला असेल असं मला वाटत नाही. पण आम्ही सगळ्यांनी परीक्षेत अक्रोड लिहिला आणि सगळ्यांना गुण मिळाले. त्यांचं शिक्षण असंच होतं. ते कुठे वापरायचं असतं हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही आणि त्यांनी स्वतःला तर मुळीच नाही.

मी दहावी पास होऊन कारंज्याला अकरावीला जायला लागले तेव्हा काकूने आपल्या भावाच्या मुलाचं स्थळ आणलं. मुलाचं मंगरूळपीरला बियाण्याखतांचं दुकान होतं. त्याचं एक लग्न झालेलं होतं आणि ती बायको वर्षाच्या आत माहेरी निघून गेली होती. का गेली, हे आमच्या घरात कोणी विचारलं नसतं, पण मायने विचारलं. त्या मुलीच्या माहेरच्या गावाहून आमच्या वावरात तण निंदायला बाया यायच्या, त्यांच्याकडून तिने सगळं काढून घेतलं. तो दुकानावर जाताना बायकोला घरात कोंडून बाहेरून कडी लावायचा. सर काका स्थळ घेऊन ओसरीत बसले तेव्हा माय तुरीची डाळ पाखडत होती, तिने सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

"भाऊजी, त्याची पयली बायको कायले गेली ते आंधी सांगा. मंग माह्या पोरीचं नाव काढा."

"वहिनी, संसारात थोडंफार चालतंच."

"चालत असंन तुमच्या घरी. माही पोरगी शिकून राह्यली. तिले मी कडीत कोंडाले नाई वाढवली."

काकू आतून सगळं ऐकत होती, तिने नंतर चार दिवस तोंड फुगवलं. मायच्या लेखी विषय तिथे संपला. मी तर तो विसरूनही गेले.

उन्हाळ्यात माय सरगुंडे करत होती. भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, वाळवायची, मग आंब्याच्या रसासोबत खायची, हा आमच्याकडचा मोठा थाट. माय अंगणात खाटेवर कापड पसरून बसलेली, मी काड्या देत होते, आणि ती शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी मजेशीर सांगत होती. सांगता सांगता थांबली. उजव्या हातातली काडी गळून पडली. मी म्हटलं, "माय, काय झालं वं?" ती माझ्याकडे बघत राहिली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, ओठ हलवले आणि म्हणाली, "हाव." मी पुन्हा विचारलं. "हाव, हाव." हाव म्हणजे हो. त्या दिवशी मायच्या तोंडात तेवढाच शब्द शिल्लक राहिला.

जीपमध्ये घालून वाशीमला नेली. बाबा, मी आणि सर काका. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्याने समजावून सांगितलं, त्याचे उपकार. त्याने स्वतःच्याच डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. "डोक्यातली एक रक्ताची नळी तुंबली. इथला भाग गेला, ही बोलायची जागा. हा मागचा भाग शाबूत आहे, इथे माणसाला ऐकलेलं समजतं. म्हणजे यांना सगळं कळतं. फक्त पाहिजे तो शब्द तोंडात येत नाही, जो अडकलाय तोच येतो. त्यांच्या हाववर जाऊ नका. त्या मान कशी हलवतात, तिकडे बघा." सर काकांनी जोरात मान डोलावली. "बरोबर आहे सर. प्रमस्तिष्काचा ललाटखंड." डॉक्टरने त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं, त्याने ते खूश झाले. परत येताना जीपमध्ये ते बाबांना ललाटखंड म्हणजे काय ते सांगत होते. माझी माय मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. त्या माणसाला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कोणी म्हणू नये.

पंधरवड्यात माय उठून कामाला लागली. पाय जरा ओढायची, उजवा हात अंगाशी लटकलेला, पण डाव्या हाताने ती फोडणी द्यायची आणि मीठ कमी असलं की मला ताटलीकडे बोट दाखवायची. तिला सगळं कळत होतं. आणि मग गावाला कळलं, की या बाईला काहीही विचारलं तरी ती हाव म्हणते. त्यानंतर आमच्या दारात जी रीघ लागली तिची मला आजही किळस येते. शेजारचा आपली दोन ढोरं आमच्या गोठ्यात बांधून गेला. "वहिनी, बांधू ना?" हाव. एका बाईने निवडून ठेवलेलं तुरीचं बियाणं नेलं. काकू तांब्याचा गुंड, पाण्याचा मोठा हंडा, घेऊन गेली, तो मायच्या माहेरचा होता. "बाई, मी नेऊ का हा? तुमाले तं आता उचलत नाई." हाव. आणि हे म्हणताना माय जोरजोराने मान हलवायची, नाही, नाही. डावा हात झाडायची. डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. मान एक सांगायची, तोंड दुसरंच, आणि गाव आपल्या सोयीचं तेवढं उचलायचं. वर कौतुक काय चालायचं! "आता कशी गरीब झाली वं. आंधी कशी फटकन बोले." भजनी मंडळाची एक म्हातारी मला म्हणाली, "तुही माय आता देवमानूस झाली." तिला तेव्हाच काय सुनावायला पाहिजे होतं ते मला आता सुचतं, पण ती वर गेली.

एक दिवस मांजरीने दुधाच्या भांड्यात तोंड घातलं. माय चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं आणि खणखणीत आवाजात ओरडली, "मुडदा बशिवला तुहा, जयो तुहं थोबाड!" मांजर पळालं. मी पोळी लाटता लाटता तशीच थांबले. मायही स्वतःच दचकली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग हसायला लागलो, पोट दुखेपर्यंत. मी म्हटलं, "माय, पुन्हा म्हन बरं." तिने तोंड उघडलं, खूप जोर लावला, आणि आलं काय, तर "हाव". पण मग मी शोध लावत गेले. भुलाबाईचं, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याचं, गाणं मी सुरू करून दिलं की ती शेवटपर्यंत म्हणायची, एक अक्षर चुकायची नाही. सोमवार म्हटलं की मंगळवारपासून रविवारपर्यंत धडाधड. पण वाटी दाखवून हे काय म्हटलं की हाव. पुढच्या वेळी वाशीमला गेलो तेव्हा मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "गाणी, वार, शिव्या ही घोकलेली असतात, ती नुसती ओठांवर येतात. त्यांचा ठिकाणा त्या गेलेल्या जागेत नाही, बराचसा उजव्या बाजूला आणि आत खोलवर आहे. राग आला की शिवी नीट निघते, म्हणा म्हटलं की निघत नाही." सर काका शेजारीच बसले होते. पुन्हा मान डोलावली. त्यांची मान डोलावण्यासाठीच तयार झालेली होती.

कापूस वेचणीला आला तेव्हा त्यांनी ते स्थळ पुन्हा काढलं. या वेळी ते मायसमोर बसले आणि हळूच, लहान लेकराशी बोलावं तसं म्हणाले, "वहिनी, आपल्या कुंदाला मंगरूळपीरला द्यायची ना? चांगलं घर आहे." कुंदा मी. मायने इतक्या जोराने मान हलवली की डोक्यावरचा पदर पडला. आणि तोंडातून आलं, "हाव. हाव. हाव." काका उठले, बाहेर बाबांकडे गेले आणि म्हणाले, "दादा, वहिनी तयार आहेत. तीनदा हो म्हणाल्या."

बाबा आत आले. मायपुढे उभे राहिले. "काय वं, द्याची का कुंदीले?" आणि उत्तर ऐकताना ते जमिनीकडे बघत होते. त्यांची ती सवयच होती, कठीण काही असलं की जमिनीकडे बघायचे, जणू तिथे काही उगवणार आहे. हाव ऐकलं आणि ते बाहेर गेले. मी त्यांच्या मागे धावले. "बाबा, ते नाई म्हनून राह्यली. तुमी तिच्याकडं पाह्यलं तरी का? डाक्टरनं काय सांगतलं होतं?" बाबा म्हणाले, "सर म्हनते ना पोरी. सर शास्तर शिकेल हाय." मग मी सरांकडे गेले. त्यांच्याच विज्ञानाच्या पुस्तकातलं मेंदूचं पान काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"ते परीक्षेसाठी असतं, कुंदा. घरात आणायचं नसतं."

पुढे मी खूप शिकलेली माणसं पाहिली. मोठे सर्जन पाहिले, जे मुहूर्त बघून गाडी घ्यायचे. पण असं उघड, निर्लज्ज वाक्य पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. त्या माणसाबद्दल मला जो तिरस्कार वाटला तो अजून तसाच आहे, आणि तो मला जपून ठेवायचा आहे.

आता आमच्या सोयऱ्याधायऱ्यांतली एक रीत सांगायला पाहिजे. मुलगी द्यायची ती आईच्या तोंडून. बैठकीत मुलीच्या आईच्या हातात सुपारी ठेवतात, मुलाचा बाप विचारतो, "देल्ली का?" आणि तिने "देल्ली", म्हणजे दिली, म्हणायचं. मगच सुपारी फुटते. बापाने शंभरदा म्हटलं तरी चालत नाही. रीत चांगली आहे, कोणीतरी शहाण्या बाईने घालून दिली असणार. पण आमच्या शहाण्यांनी ती अशी वापरली, की जिला देल्ली म्हणताच येत नाही तिला पुढे बसवायचं ठरलं. काका म्हणाले, "हाव म्हणजे देल्लीच की."

दिवस ठरला. काकूने आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पातोडी, वडे, वरण, पोळ्या, भात. तेलाचा वास गल्लीभर पसरला होता. मला काकूची साडी नेसवली आणि आतल्या दाराशी बसवलं. माय पहाटेपासून माझ्या अवतीभोवती पाय ओढत फिरत होती, माझ्या खांद्यावर हात ठेवायची, तोंड उघडायची, मिटायची. एकदा तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरायचा प्रयत्न केला, पण उजवा हात उठला नाही. मी रडत नव्हते. मी मनात ठरवत होते की बैठकीत उभी राहून ओरडेन, आणि मला चांगलं माहीत होतं की कोणी ऐकणार नाही, थप्पड मिळेल आणि सुपारी फुटेल. कारंजं, कॉलेज, सगळं माझ्या डोळ्यांदेखत जात होतं आणि त्याच्या जागी बाहेरून लावलेली एक कडी येत होती.

दुपारी मंडळी आली. मुलगा, त्याचा बाप, त्याची आई, दोन म्हातारे. मुलगा पांढऱ्या बुटात होता. जेवणाआधी सुपारी, म्हणून मायला ओसरीत आणून बसवलं. मी दाराआडून बघत होते. मुलाच्या बापाने सुपारी काढली. मायने डावा हात मागे घेतला, पाठीशी लपवला. म्हणून सर काका पुढे सरकले, तिचा लुळा उजवा हात उचलला, त्यात सुपारी ठेवली, तिची बोटं आपल्या मुठीत मिटून धरली आणि हात वर करून मंडळींना दाखवला. "वहिनी स्वतःच्या हाताने देताहेत."

"देल्ली का?" मुलाच्या बापाने विचारलं.

मायने मान हलवली. "हाव," ती म्हणाली. आणि आपलंच हाव ऐकून तिचा चेहरा असा झाला की मी डोळे मिटले. काका हसले. "ऐकलं ना? हो म्हणाल्या." तिचा हात अजून त्यांच्या मुठीतच होता.

मग तो आवाज आला. चक्कीच्या वरताण जो ऐकू यायचा, तोच. "मुडद्या!" माय उठून उभी राहिली होती. "भाडखाऊ, किडे पडो तुह्या तोंडात! मुडदा बशिवला तुहा! जयो तुहं थोबाड, जयो!" डाव्या हाताने तिने आपला उजवा हात काकांच्या मुठीतून हिसकला, सुपारी उडून मुलाच्या पांढऱ्या बुटांपाशी पडली. ज्या दिराला तिने जन्मभर भाऊजी आणि तुमी म्हटलं त्याला ती शिव्यांनी झोडपत होती, एकामागून एक, श्वास न घेता, आणि प्रत्येक शिवी स्वच्छ, पुरी, जागच्या जागी. मी दाराआड उभी होते आणि आनंदाने मला रडू फुटलं होतं.

सर काकांची शुद्ध भाषा त्या क्षणी गेली. "येडी झाली हे!" ते ओरडले. "मेंदूच गेला तिचा. येड्या मानसाच्या बोलन्याले काही अर्थ नसते. तुमी फोडा सुपारी, फोडा!"

मी बाहेर आले. कोणी मला बोलावलं नव्हतं. "काका," मी म्हटलं, "येडी असंन तं तिचा हाव बी येडीचाच. अन् शहानी असंन तं तिनं आता नाई म्हटलं. यकच काय ते बोला."

थप्पड मिळाली, काकूची. पण तेवढ्यात मुलाची आई उठून उभी राहिली होती. "थांबा," ती म्हणाली. "हे बाई येडी हाय हे आमाले काहून नाई सांगतलं? येडपन पोरीत उतरते. आमाले असं घर नाई पाह्यजे." काका तिला समजवायला गेले, की मुळीच वेडी नाही, डॉक्टरने सांगितलंय, समजायचा भाग अगदी शाबूत आहे. हो, तेव्हा त्यांना ते आठवलं. बाई म्हणाली, "आताच तं तुमी येडी म्हनत होते." मंडळी वडे न खाता जीपमध्ये बसून गेली. मला वाचवलं ते कोणाच्या न्यायबुद्धीने नव्हे, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या बाईला फक्त आपल्या नातवंडांची काळजी होती, आणि तिचं शास्त्रही आमच्या सरांएवढंच होतं.

त्या दिवसापासून माय गावाच्या लेखी वेडी झाली. जोवर हाव म्हणत होती तोवर देवमाणूस होती, चांगली समजूतदार बाई होती. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, मी शिकून नोकरीला लागलेली तिने पाहिली, माझ्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली, तरी कामरगावात कोणी तिचं नाव काढलं की अजून म्हणतात, "कुंदाबाईची माय? थोडी येडी होती ते." आमच्या ग्रुपवर तिच्या पुण्यतिथीला चुलतभाऊ लिहितो, "बिचाऱ्या मोठ्या आईला मेंदूचा विकार होता." त्याच्या बापाला कोणता होता, हे त्याने एकदा शोधावं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. काका काकू आपल्या घरी गेले होते, पातेली भरलेली तशीच होती, माश्या बसत होत्या. माय चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, थकून गेली होती, घसा बसला होता. बाबा आत आले. नेहमीसारखे उभे राहिले नाहीत. तिच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले इतके जवळ, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "तुले द्याचीच नव्हती ना पोरगी?"

"हाव," माय म्हणाली, आणि तिची मानही खालीवर हलली.

बाबांचे डोळे भरले. ते सवयीप्रमाणे जमिनीकडे बघायला लागले, तेव्हा मायने डावा हात पुढे केला, त्यांची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि त्यांना खाली बघू दिलं नाही.